अवलंबून असल्याचा दाखला

पूर्वी स्थळ सांगताना ‘मुलगा रेल्वेत आहे’ म्हटलं, की दौंडमध्ये पुढची चौकशी तिथेच थांबायची. शिरूरकडे तेच वजन रांजणगाव एमआयडीसीतल्या पर्मनंट नोकरीला होतं. आता बायोडेटावर आणखी एक ओळ दिसू लागली आहे: ‘एच-वन-बी, आय-वन-फोर्टी अप्रूव्ह्ड’. मध्यस्थ मावशी ती ओळ ‘मुलगा अमेरिकेत सेटल आहे’ अशी वाचून दाखवतात आणि पगाराकडे वळतात. खरं तर त्या ओळीत मुलाच्या पगारापेक्षा मुलीच्या पुढच्या दहा वर्षांबद्दल जास्त लिहिलेलं असतं. ते कसं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

समजा, मुलगी शिरूरची आहे. वाघोलीच्या एखाद्या कॉलेजातून तिने इंजिनिअरिंग केलं, कर्ज काढून टेक्ससला एमएस केलं आणि आता ती तिथेच नोकरी करते आहे. मुलगा दौंडचा आहे. चार वर्षं पुण्याच्या लोकलने ये-जा करून शिकला आणि आता न्यू जर्सीत नोकरीला आहे. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने दोन्ही घरांत फार अंतर नाही. पत्रिका जुळली, साखरपुडा झाला. मग मुलीच्या वडिलांना कुणीतरी सांगतं, ‘लग्न झालं की तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर घेऊन टाका, कटकट मिटेल.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण एक कटकट मिटताना दुसरं काय जातं, हे त्याला बहुतेक वेळा माहीत नसतं.

मुलीचा विद्यार्थी दर्जा, म्हणजे एफ-१, तिच्या स्वतःच्या प्रवेशावर उभा असतो. विद्यापीठाने तिला आय-२० दिलेला असतो. तिचा अभ्यास नियमित चालू आहे तोवर तिचं तिथलं राहणं कायदेशीर. पदवीनंतर त्याच दर्जावर बारा महिने प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घेता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर त्यात आणखी चोवीस महिन्यांची भर पडते. या तीन वर्षांत तिला पगार मिळतो आणि त्यासाठी कुणाची पत्नी असावं लागत नाही. नवऱ्याच्या एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, अवलंबून असलेल्या पत्नीचा दर्जा म्हणजे एच-४. तो नवऱ्याच्या नोकरीवर उभा असतो. नवऱ्याची मुदत तीच हिची मुदत.

मग मुली एफ-१ सोडून एच-४ कडे का जातात? नुसत्या हौसेने कुणी जात नाही. पहिलं कारण लॉटरी. दरवर्षी एच-१बीच्या ६५ हजार जागा असतात आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. मागणी त्याच्या कितीतरी पट असते. ओपीटीच्या तीन वर्षांत फार तर तीन-चार वेळा नाव टाकता येतं. नाही लागलं तर मुदत संपल्यावर साठ दिवसांत देश सोडायचा, पुन्हा प्रवेश घ्यायचा किंवा दर्जा बदलायचा. दुसरं कारण बेकारीचे दिवस. ओपीटीच्या पहिल्या टप्प्यात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त काळ बिननोकरीचं राहता येत नाही. वाढीव टप्पा धरून ही मर्यादा दीडशे दिवसांची. २०२३ नंतर आयटीतल्या कपातीच्या लाटेत हे दिवस बोटांवर मोजत बसलेली मुलं-मुली अनेक घरांनी पाहिली आहेत. तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. एफ-१ मागणाऱ्याने ‘शिकून मी परत जाणार’ हे पटवून द्यायचं असतं. नवरा तिथे नोकरीला आणि त्याचं ग्रीन कार्ड रांगेत, अशा मुलीने मुंबईच्या वकिलातीत खिडकीपाशी उभं राहून हे वाक्य म्हटलं, तर समोरचा अधिकारी त्यावर विश्वास का ठेवेल? एच-४ ला ती अट नाही. तिथे कायमचं राहण्याची इच्छा असणं हा गुन्हा मानला जात नाही.

ही सगळी आकडे-अक्षरांची जंत्री फार जुनी नाही. दौंडकडे जाताना चौफुल्याजवळ केडगाव लागतं, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८८३ मध्ये रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि तिथे त्यांनी संस्कृत शिकवलंही. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम तिथे आल्या होत्या. आनंदीबाईंचे पती गोपाळराव बायकोच्या मागाहून अमेरिकेत पोहोचले. आजच्या भाषेत सांगायचं तर शिकणारी ती होती आणि मागून आलेला जोडीदार तो. यांपैकी कुणालाही व्हिसाचा अर्ज भरावा लागला नाही, कारण तशी पद्धतच नव्हती. अमेरिकेने चिनी मजुरांना तोवर कायद्याने दार बंद केलं होतं. हिंदी माणसांची पाळी १९१७ मध्ये आली. त्या कायद्याने आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्यांवर बंदी घातली, पण विद्यार्थ्यांना तिच्यातून वगळलं. पुढे १९५२ च्या कायद्यात विद्यार्थ्यांना एफ हे अक्षर मिळालं. तात्पुरत्या कामगाराच्या जोडीदाराला आणि मुलांना स्वतंत्र वर्ग १९७० मध्ये मिळाला, तोच एच-४. त्या वर्गातल्या काही जणांना तरी काम करण्याची परवानगी मिळायला २०१५ साल उजाडावं लागलं. मधल्या पंचेचाळीस वर्षांत किती डॉक्टरीणबाई आणि इंजिनिअर मुली अमेरिकेतल्या एडिसन-फ्रीमाँटच्या स्वयंपाकघरांत बसून राहिल्या, याची नोंद कोणत्याच फॉर्मवर नाही.

आता कागदांकडे वळू. या व्यवहारात अमेरिकेइतकंच महत्त्वाचं ऑफिस शिरूर किंवा दौंड तालुक्यातच असतं. नगरपरिषदेच्या हद्दीत लग्नाची नोंद नगरपरिषदेत होते, गावात ग्रामपंचायतीत. ग्रामसेवक (आता त्याचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) हा विवाह निबंधकही असतो. कायदा १९९८ चा आहे: महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम. लग्नाची माहिती ‘नमुना ड’ मध्ये भरून द्यायची, सोबत वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. मिळतं ते ‘नमुना ई’, म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. लग्नापासून नव्वद दिवसांत नोंद झाली तर उत्तम, नंतर विलंब शुल्क पडतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या प्रकरणात सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करण्याचे निर्देश दिले, त्यानंतरही आपल्याकडे नोंदीची आठवण पासपोर्ट किंवा व्हिसाचं काम निघालं की होते.

अडचण वेळेची असते. मुलगा-मुलगी दोन-तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन येतात. त्यात हळद, लग्न, जागरण गोंधळ, रांजणगावचा गणपती आणि जेजुरी उरकायची. नोंदणीला दोघांनी समक्ष हजर राहायचं असतं. मांडव परतण्याच्या दिवशी ग्रामपंचायतीचा कर्मचारी प्रशिक्षणाला गेलेला असला, तर विमानाची तारीख पुढे जात नाही. म्हणून जाणती घरं लग्नाआधीच सगळे कागद नेऊन दाखवून ठेवतात, आणि गुरुजींची सही मांडवातच घेतात. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण मी पाहिलेल्या रखडलेल्या प्रकरणांत अमेरिकन सरकारपेक्षा गुरुजींच्या सहीचा वाटा मोठा आहे.

दुसरी गोची नावाची. आपल्याकडे नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर पहिले दोन भाग बहुधा एकाच रकान्यात येतात. लग्नात काही घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने मुलीचं नवं नाव लिहितात. हौस म्हणून ठीक आहे. पण तेच नाव प्रमाणपत्रावर आलं, पासपोर्टवर जुनंच राहिलं, पदवीवर तिसरं आणि बँकेच्या कर्जावर चौथं स्पेलिंग, तर या चारही बायका एकच आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. तिची पदवी, तिचा सोशल सिक्युरिटी नंबर, तिचं कर्ज, सगळं माहेरच्या नावाने असेल तर पासपोर्टवरही तेच राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सासरचा मान दुसऱ्या कुठल्याही मार्गाने राखता येतो.

प्रमाणपत्रातला मजकूर मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. ते पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणाऱ्याने लिहून सही केली की अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला पुरतं. नोटरी लागतेच असं सांगून पैसे घेणारे एजंट आहेत, त्यांच्यापासून जपावं. लग्न इथेच व्हायला हवं असंही नाही. दोघेही तिथे असतील तर तिथल्या काउंटीच्या कार्यालयात लग्न करून तिथलं प्रमाणपत्र जोडता येतं आणि गावचा मांडव दिवाळीनंतर घालता येतो. आजीला हे पटवणं हा स्वतंत्र विषय आहे.

आता मुख्य बदल. तो दोन वाटांनी होतो. एक वाट अमेरिकेत बसूनच चालायची. मुलगी आय-५३९ हा अर्ज इमिग्रेशन खात्याकडे भरते. एप्रिल २०२४ पासून त्याची फी ऑनलाइन ४२० डॉलर, कागदी अर्जाला ४७० डॉलर. सोबत विवाह प्रमाणपत्र, नवऱ्याच्या एच-१बी मंजुरीचा आय-७९७, त्याच्या पगाराच्या पावत्या आणि स्वतःच्या एफ-१ चे पुरावे. अर्ज आधीचा दर्जा जिवंत असताना पोचला पाहिजे, आणि निकाल येईपर्यंत तिने एफ-१ च्या अटी पाळत राहणं शहाणपणाचं. ओपीटीवर नोकरी असेल तर ती या काळात चालू ठेवता येते. एच-४ मंजूर झाला त्या दिवशी मात्र ती नोकरी थांबते आणि ओपीटीचे उरलेले महिने बुडतात. त्याच पातळीची दुसरी पदवी घेऊन ते परत मिळत नाहीत. मंजुरीचं पत्र कोणत्या दिवशी येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणजे शेवटचा पगार कोणता हेही ठाऊक नसतं. गंमत अशी, की एच-४ वरून एफ-१ कडे जायचं असेल तर जादा पैसे भरून महिन्याभरात निकाल मागता येतो. ही प्रीमियम सोय २०२३ मध्ये सुरू झाली. एफ-१ वरून एच-४ कडे जाणाऱ्यांना ती नाही.

अर्ज प्रलंबित असताना मुलगी देशाबाहेर पडली, तर अर्ज सोडून दिला असं समजलं जातं. सासरे आजारी पडले, भावाचं लग्न निघालं, काहीही असो. शिवाय या वाटेने मिळतो तो दर्जा. पासपोर्टवर शिक्का येत नाही. पुढच्या वेळी घरी आलं की परत जाताना मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत एच-४ चा शिक्का घ्यावाच लागतो.

दुसरी वाट म्हणजे सरळ तिथूनच सुरुवात करणं: लग्नाला घरी यायचं, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरायचा, बोटांचे ठसे आणि मुलाखत द्यायची आणि परत जाताना एच-४ वर प्रवेश करायचा. पूर्वी ही वाट जवळची होती. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बरीच आवळली गेली, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांचीही तपासणी सुरू झाली. त्या वेळी भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. दोन आठवड्यांच्या रजेवर लग्नाला आलेली माणसं इथेच अडकली. पगार तिकडे, भाडं तिकडे, आणि जोडपं इकडे.

एच-४ वर शिकता येतं, पूर्णवेळ शिकता येतं, आय-२० शिवाय शिकता येतं. काही राज्यांत स्थानिक विद्यार्थ्यांची कमी फीसुद्धा लागू होऊ शकते. विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या एफ-२ पेक्षा हा दर्जा त्या बाबतीत बराच बरा, कारण एफ-२ वर पूर्णवेळ पदवी शिक्षण घेता येत नाही. अडतं ते कमाईशी. इथे बायोडेटावरची ती ओळ पुन्हा वाचावी लागते. आय-१४० म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवर मालकाने केलेला अर्ज. तो मंजूर असेल, किंवा नवऱ्याला ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेमुळे एच-१बीच्या सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तरच पत्नीला कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मागता येतो. हा नियम २६ मे २०१५ पासून लागू आहे. तो रद्द करण्यासाठी अमेरिकन कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेने दहा वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला. परवाना हातात असेल तर ती कुठेही नोकरी करू शकते, स्वतःचा धंदाही काढू शकते. नसेल तर घरबसल्या पुण्यातल्या कंपनीचं काम करून रुपयांत पगार घेणंही धोक्याचं, असं बहुतेक वकील सांगतात.

परवान्याचं नूतनीकरण ही आणखी एक डोकेदुखी. अर्ज वेळेत केला की जुना परवाना ५४० दिवसांपर्यंत आपोआप वाढायचा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सवलत राहिली नाही. निकाल उशिरा आला, तर आज नोकरी आहे आणि सोमवारपासून नाही, असं होतं.

याचा ताण शिरूरमध्ये जाणवतो, कारण कर्ज शिरूरमध्ये असतं. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. शेतजमीन तारण घ्यायला बँका नाखूष असतात, कारण वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. मग घर, बिगरशेती प्लॉट किंवा ठेवी गहाण पडतात आणि वडील सहकर्जदार होतात. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. तिचा पगार चालू होता तोवर ते ती भरत होती. एच-४ मंजूर झाल्यावर ते कोण भरणार, हा प्रश्न साखरपुड्याच्या बैठकीत कुणी काढत नाही. काढला तर वाईट दिसतं. मानपान, सोनं, कार्यालयाचा खर्च यांवर दोन तास बोलणारी माणसं या एका आकड्यावर गप्प बसतात, हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आलं आहे.

नवऱ्याचा आय-१४० अजून झाला नसेल आणि मुलीच्या ओपीटीचे महिने शिल्लक असतील, तर दर्जा बदलण्याची घाई कशासाठी? लग्न झालं म्हणून एफ-१ रद्द होत नाही. दोघांनी दोन दर्जांवर सुखाने नांदावं, ती लॉटरीत नाव टाकत राहील. एच-४ घेतल्यावरही एच-१बीची वाट बंद होत नाही, आणि एच-४ वर गेलेली वर्षं एच-१बीच्या सहा वर्षांतून वजा होत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर जो एक लाख डॉलरचा बोजा आला, तो देशातच राहून दर्जा बदलणाऱ्यांना लागू नाही, असं खात्याने महिन्याभरात स्पष्ट केलं. त्यामुळे लॉटरी लागेल अशी आशा असलेल्या मुलीने मधल्या काळात देशाबाहेर पडताना दहादा विचार करावा.

इतर देशांत हीच अदलाबदल वेगळी दिसते. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. आरोग्य अधिभार मात्र वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्याला तोच ७७६. तिथे फास आवळला तो उलट बाजूने: जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला जोडीदार नेता येत नाही, मुख्यतः संशोधनाच्या पदवीलाच ती मुभा उरली. पुण्यातल्या एजंटांच्या जाहिरातींत ‘बायको शिकेल, नवरा कमवेल’ ही जी योजना असायची, ती त्या दिवशी संपली. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून तसंच केलं. जोडीदाराला खुला परवाना हवा असेल तर शिकणाऱ्याचा मास्टर्स निदान सोळा महिन्यांचा हवा, किंवा पीएचडी, किंवा ठरावीक व्यावसायिक पदवी. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला नोकरी करता येते आणि तिला आधी जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागत नाही. पण कागदपत्रं परदेशात खरी मानली जावीत म्हणून मारायच्या शिक्क्याचा जो अपोस्टील करार आहे, त्यात भारत २००५ मध्ये आला तेव्हा जर्मनीने त्याला हरकत घेतली होती. त्यामुळे इतर देशांत जो शिक्का चालतो त्याच्यावर तिथे विसंबता येत नाही.

दर्जा दुसऱ्याच्या नोकरीवर उभा असला, की ती नोकरी गेली तर दोघांनाही फार तर साठ दिवस मिळतात. हे दिवस नवऱ्याला नवा मालक शोधण्यासाठी. पत्नीला त्याच काळात पुन्हा विद्यार्थी होण्याचा अर्ज करता येतो, आणि काही घरं अशा वेळी तिच्या प्रवेशावरच तरली आहेत. अशा वेळी अवलंबून कोण, हे उलटतं आणि नवरा एफ-२ होतो. घटस्फोट झाला तर चित्र आणखी कठीण. निकालाच्या तारखेला एच-४ संपतो आणि साठ दिवसांची सवलत तिथे नसते. म्हणून दुसऱ्या दर्जाचा अर्ज निकालाच्या आधी गेला पाहिजे. छळ होत असेल तर एच-१बीधारकाच्या पीडित जोडीदाराला वेगळा कामाचा परवाना मागता येतो. तो अर्ज आय-७६५व्ही. ही तरतूद २००५ च्या कायद्यात आली आणि २०१७ पासून अमलात आहे. नवऱ्याच्या सहीची त्याला गरज नाही. इकडे राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठीचा कक्ष २००९ पासून तक्रारी घेतो. लेकीला पाठवताना सोन्याच्या यादीबरोबर एवढी माहिती आणि तिच्या सगळ्या कागदांच्या प्रती माहेरी ठेवाव्यात. पासपोर्ट, आय-९४ ही प्रवेशाची नोंद, पदवी, विवाह प्रमाणपत्र, नवऱ्याच्या आय-७९७ ची प्रत. ही शेवटची प्रत नंतर मागून मिळेलच असं नाही.

आणि या दोघांना पुण्यात झालेलं बाळ घेऊन ते परत गेले, तर तेही एच-४ च. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे, की ते बाळ शाळा संपवतं, कॉलेजात जातं आणि तरीही आईवडिलांचा नंबर लागलेला नसतो. एकविसाव्या वाढदिवशी त्याचा एच-४ संपतो. त्याआधी त्याला आय-५३९ भरून एफ-१ घ्यावा लागतो, म्हणजे आईने लग्नानंतर केलेला प्रवास बरोबर उलट्या दिशेने. त्यालाही मग आपण शिकून मायदेशी परत जाणार असं लिहून द्यावं लागतं, आणि मायदेश म्हणून त्याच्या पासपोर्टवर असतं ते पुणे जिल्ह्यातलं जन्मस्थान.